मासा बोलण्यानं पळत नाही

गेल्या रविवारी आपल्यातल्या एकांनी नानपुऱ्याच्या डक्का ओवाऱ्याची आठवण लिहिली, त्यात एक ओळ होती: "गळ टाकून बसलेली माणसं आणि त्यांच्याशेजारी चिडीचूप बसलेली पोरं." ती ओळ माझ्या डोक्यातून जाईना. कारण त्या चिडीचूप पोरांपैकी मी एक होतो, आणि चूप न बसल्यामुळे हाकलला गेलेलाही मीच. पासष्ट वर्षांपूर्वीची ती नोंद चुकीची होती असं माझं आता ठाम मत झालं आहे. लेख लांबला आहे, चहा घेऊन बसा.

1961 सालची गोष्ट. गुजरात राज्य होऊन वर्ष झालं होतं, पण आमच्या घरात अजून 'मुंबई राज्य' असंच तोंडात यायचं. माझ्या काकांना गळाचा फार नाद. रविवारी दुपारी चहा झाला की बांबूची काठी, दोरा, तरंगायला मोरपिसाचा दांडा आणि कणकेचा गोळा घेऊन ते ओवाऱ्यावर जात. नदी तिथे खाडीसारखी, भरती-ओहोटीची. पाणी चढायला लागलं की पायऱ्यांवरच्या शेवाळावर चरायला बोई येत. कोकणातले लोक त्यांना बोईट म्हणतात. मिळालेला मासा घरी आला की आई खिडकी लावून तळायची, कारण शेजारी खात नसत.

मला काका बरोबर नेत. नियम एकच, तोंड उघडायचं नाही. मी दहा वर्षांचा, आणि जात्याच बडबड्या. एका रविवारी शाळेत झालेली मारामारी पोटात मावेना. पिसाचा दांडा नुकताच हलायला लागला होता, तेवढ्यात मी "काका, आज ना..." एवढंच म्हणालो. काका उठून दोन पायऱ्या खाली उतरले, वाकून पाण्यात पाहिलं, आणि दांडा हलायचा थांबला. "गेला. तुझ्या तोंडामुळे गेला." पुढच्या रविवारपासून माझ्याऐवजी माझा अबोल चुलतभाऊ जायला लागला. घरात माझं नाव पडलं 'मासे पळवणारा'. ते इतकं चिकटलं की माझ्या लग्नात मावशीने नवरीला सांगितलं, "बाई, हा मासे पळवतो हं!" सगळे हसले, मीही हसलो.

त्या दिवशीचं चित्र मला अजून लख्ख दिसतं. काका पांढराशुभ्र लेंगा-सदरा घालून उभे होते. पायात नाल ठोकलेल्या वहाणा. त्या घालून ते दगडी पायऱ्या उतरले तेव्हा टक्-टक् आवाज आला. सूर्य त्यांच्या पाठीमागे होता आणि त्यांची लांबलचक सावली नेमकी दांड्यावर पडली होती. हे सगळं डोळ्यांपुढे असूनही मी कित्येक वर्षं मानत राहिलो की मासा माझ्या चार शब्दांनी पळाला.

आणि नुसतं मानलं नाही, पुढे चालवलंही. 1988 च्या सुमारास माझी बदली सोनगडला होती. उकाईचं धरण जवळच. मुलगा आठ वर्षांचा. एका रविवारी त्याला घेऊन जलाशयाच्या काठावर गेलो आणि काकांचाच नियम काकांच्याच आवाजात सांगितला, "एक शब्द बोलायचा नाही, मासा पळतो." पोरगं दोन तास दगडावर बसून राहिलं. मासा काही लागला नाही. घरी येऊन आईला म्हणालं, "मला परत नाही जायचं." मीही आग्रह केला नाही. मनात आलं, याला आवड नाही.

तो मुलगा आता न्यू जर्सीत आहे, आणि गंमत बघा, त्याला तिकडे माशांचा नाद लागला. ऑफिसातल्या मित्रांबरोबर तो रात्री समुद्रकाठी उभा राहतो. तिकडचा मासा म्हणजे पट्टेरी बास, अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत काळ्या रेघा असलेला. दोन वर्षांपूर्वी फोनवर तो सहज म्हणाला, "बाबा, आम्ही तिथे रात्रभर गप्पा मारतो. फक्त कोणी कपाळावरचा दिवा पाण्यावर टाकला की बाकीचे ओरडतात, आणि खडकावरून धाडकन उडी मारली की शिव्या बसतात. बोलायला कोणाची ना नसते."

मी फोन ठेवला आणि बराच वेळ गप्प बसलो. मग वाचायला लागलो. निवृत्त माणसाला वेळ भरपूर असतो, आणि हिशेब जुळला नाही की झोप येत नाही ही जुनी सवय. जे कळलं ते साध्या भाषेत सांगतो.

पहिली गोष्ट आवाजाची. हवेतला आवाज पाण्याच्या पृष्ठभागावर आपटला की त्यातला बहुतेक सगळा परत फिरतो. हजारातला जेमतेम एक भाग पाण्यात शिरतो. लहानपणी विहिरीत पोहलेल्यांनी आठवून पाहावं. बुडी मारली की काठावरच्या आरोळ्या कुठल्याशा दूरच्या गावातून आल्यासारख्या वाटतात. पण पाण्याखाली कोणी दगडावर दगड आपटला तर तो थेट कानात वाजतो. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण 1500 मीटर जातो, हवेपेक्षा चौपटीहून जास्त वेगाने. म्हणजे आपलं बोलणं वरच्या वर अडतं, पण दगडी पायरीवर आपटलेली टाच, नावेच्या तळाशी पडलेला डबा, काठावरून मारलेली उडी यांचा हादरा दगडातून, लाकडातून, मातीतून सरळ पाण्यात उतरतो.

हा हादरा टिपायला माशाकडे दोन साधनं असतात. एक आतला कान, बाहेरून दिसत नाही तो. दुसरं म्हणजे अंगाच्या दोन्ही बाजूंना कल्ल्यांपासून शेपटीपर्यंत गेलेली रेघ. मासा साफ करताना आपल्या घरातल्या बायकांनी ती हजारदा पाहिली असेल. तिच्यात बारीक संवेदनपेशी असतात आणि जवळच्या पाण्याची हालचाल त्यांना समजते. रोहू, कटला, शिंगाळा या मंडळींचं तर आणखी पुढचं. त्यांच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून कानापर्यंत लहान हाडांची साखळी असते, त्यामुळे ते इतर पुष्कळ माशांपेक्षा चांगलं ऐकतात. तेव्हा काठावर ढोल बडवा असं मी म्हणत नाही. पण शेजारी बसलेल्या पोराच्या गप्पा आणि नाल ठोकलेल्या वहाणा यांत गुन्हेगार कोण, हे मला तरी स्पष्ट दिसतं.

दुसरी गोष्ट नजरेची. पाण्यातून वर पाहणाऱ्या माशाला बाहेरचं जग एका गोल खिडकीतून दिसतं. खिडकीच्या बाहेर पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा, त्यात तळाचंच प्रतिबिंब. मासा एक मीटर खोल असेल तर ही खिडकी साधारण सव्वादोन मीटर रुंद. काठावरचं सगळं, म्हणजे झाडं, माणसं, म्हशी, त्या खिडकीच्या कडेला चेपून दिसतं. जो खाली बसला आणि पाण्यापासून मागे राहिला तो त्या कडेच्या पट्टीत जवळजवळ विरून जातो. जो उभा राहून पुढे वाकला तो खिडकीत डोकावतो. वरून झडप घालणारे बगळे, खंड्या, घारी यांच्यामुळे हलणारी सावली म्हणजे मरण, हे माशाच्या हाडात मुरलेलं आहे. काका दांडा हलला की उठून बघायला जात. मासा लागत नसे तो याच घाईमुळे, असं मी आता म्हणतो.

तिसरी गोष्ट वासाची, आणि ही मला सर्वांत नवलाची वाटली. 1938 साली कार्ल फॉन फ्रिश या शास्त्रज्ञाने, ज्यांना पुढे मधमाश्यांच्या भाषेबद्दल नोबेल मिळालं त्यांनीच, दाखवून दिलं की काही लहान माशांच्या कातडीला जखम झाली की तिच्यातून एक द्रव्य पाण्यात मिसळतं आणि बाकीचा थवा घाबरून दडतो. आपला रोहू-कटला त्याच मोठ्या कुळातला. म्हणजे खरचटलेला लहान मासा आपण 'जा बाबा' म्हणून त्याच जागी परत सोडतो, तेव्हा बातमी सगळ्यांना पोचते. कॅनडात 1950 च्या दशकात नदी चढून जाणाऱ्या सामन माशांवर प्रयोग झाले. माणसाचे हात धुतलेलं पाणी वरून सोडलं की मासे चढायचे थांबत. आमचे काका तपकीर ओढत आणि त्याच बोटांनी कणीक मळत. मी जास्त काही बोलत नाही.

एवढं वाचल्यावर परीक्षा घ्यावीशी वाटली. माझी नात, मुलीची मुलगी, इथेच सुरतेत असते. नऊ वर्षांची आहे आणि बोलण्यात माझी वारस. गेल्या थंडीत तिला घेऊन कामरेजच्या पुढे तापीकाठी गेलो. नियम सांगितले: चप्पल गाडीत ठेवायची, हळू चालायचं, पाण्यापासून चार हात मागे खाली बसायचं, रंगीत फ्रॉकऐवजी मातकट कुडता, आणि हात नदीच्या मातीत चोळून मग कणकेला लावायचा. तिने विचारलं, "आजोबा, आणि बोलायचं नाही ना?" मी म्हटलं, "बोल, वाट्टेल तेवढं बोल."

तिने शाळेच्या स्नेहसंमेलनाची गोष्ट काढली. कोण राजा झालं, कोणाची मिशी स्टेजवर गळून पडली, कोणती बाई रागावली. गोष्ट अर्ध्यावर आली आणि दांडा खाली गेला. अर्ध्या किलोचा रोहू. पुढे तासाभरात आणखी एक लहानसा मिळाला. मग पलीकडे चार तरुण आले, त्यातल्या एकाने बांधावरून धप्पकन खाली उडी मारली, आणि आमचा दांडा त्यानंतर हलला नाही. एका दुपारीवरून सिद्धांत होत नाही हे मलाही कळतं. पण नातीची गोष्ट पूर्ण झाली, आणि तिने विचारलं, "परत कधी यायचं?" मुलाच्या बाबतीत जे झालं त्याच्या बरोबर उलट.

आता मूळ मुद्दा. मासा गेला की आपण दोष कोणाच्या नावे टाकतो? जो लहान आहे, समोर आहे, आणि उलट बोलणार नाही, त्याच्या. काकांना स्वतःच्या वहाणांचा आवाज ऐकू आला नाही, पुतण्याचा आला. मलाही तसंच झालं. आणि मला वाटतं आपण नदीच्या बाबतीत आज हेच करतो आहोत.

आपल्यातले जुने लोक हळहळतात की पूर्वी तापीत काय मासा होता, आता काही राहिलं नाही, आणि लगेच पुढचं वाक्य येतं, "हे जाळीवाले सगळा मासा ओरबाडतात." जिताड्याचं उदाहरण घ्या. अलिबागकडे त्याला जिताडा म्हणतात, बंगाली लोक भेटकी. आमच्या लहानपणी वरियावच्या बाजूने तो कधीमधी यायचा, आणि आला की घरात सणच. हा मासा गोड्या पाण्यात वाढतो आणि अंडी घालायला खाली खाडीच्या मचूळ पाण्यात उतरतो. पिल्लं परत वर चढतात. शिवाय तो आयुष्याची पहिली काही वर्षं नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे त्याला वर आणि खाली, दोन्हीकडचा रस्ता लागतो, आणि म्हातारं व्हायला वेळ लागतो. पट्टेरी बासचा रस्ता उलटा, राहतो समुद्रात आणि अंडी घालायला नदीत चढतो. पण नदीचं तोंड मोकळं पाहिजे ही गरज दोघांची सारखीच.

आपल्याकडे 1972 साली उकाई झालं. 1995 साली सिंगणपोरला कोझवे झाला. तो आपल्याला हवाच होता. भरतीचं खारं पाणी त्याने अडवलं, वर गोड्या पाण्याचा साठा झाला आणि शहराला प्यायला मिळालं. त्याच पाण्याचा चहा मी हे लिहिताना पितो आहे, त्यामुळे तक्रार करायचा मला अधिकार नाही. पण पावसाळ्यात पाणी वरून वाहतं ते दिवस सोडले तर तो माशाच्या वाटेतली भिंत आहे, हेही खरं. खालच्या बाजूला गाळ, वरच्या साचलेल्या पाण्यात जलपर्णी. हे सगळं आपण आपल्या सोयीसाठी केलं, आणि नाव मात्र ओवाऱ्यावर जाळं झटकणाऱ्या माणसाचं घेतो. जाळीवाल्याचा दोष शून्य आहे असं नाही. बारीक आसाच्या जाळ्याने पिल्लं मरतात. पण सगळी रक्कम त्याच्याच नावे टाकली की आपलं खातं स्वच्छ दिसतं, एवढंच.

अमेरिकेत 1980 च्या सुमारास पट्टेरी बास असाच रोडावला होता. तिथे 1984 साली त्यासाठी कायदा झाला, मेरीलँड राज्याने 1985 पासून काही वर्षं तो मासा धरायलाच बंदी केली, आणि 1995 साली साठा पूर्ववत झाल्याचं जाहीर झालं. नंतर तो पुन्हा घसरला, म्हणून 2023 पासून समुद्रकाठी 28 ते 31 इंचांमधलाच मासा ठेवता येतो, तोही माणशी एक. त्याहून लहान सोडायचा, त्याहून मोठाही सोडायचा, कारण मोठ्या माद्यांपोटी जास्त पिल्लं. माझा मुलगा टेप घेऊन समुद्रावर जातो. मला यातलं आवडलं ते हे की बंधन होडीवाल्यावरही आलं आणि हौशी साहेबावरही. आपल्याकडे कोझवेच्या कडेने माशांना चढायला पायऱ्यांची वाट करता येईल का, निदान हा प्रश्न तरी आपण शिकल्यासवरल्या लोकांनी विचारायला हवा. जगात अशा वाटा पुष्कळ बंधाऱ्यांवर आहेत.

काही जण म्हणतील, "नदीकाठी शांत बसण्यात वेगळंच सुख आहे, पोरांनी ते शिकायला नको का?" जरूर शिकावं. मलाही आता शांतता आवडते. पण ती आपल्याला हवी आहे असं सरळ सांगावं, "बाळा, मला जरा वेळ गप्प बसायचंय." मुलं ते समजून घेतात. माशाचं नाव पुढे करून त्यांचं तोंड बंद करू नये, कारण ते खोटं आहे. आणि मुलं त्यातून एवढंच शिकतात की आपण बोललो की काहीतरी बिघडतं. मी पुढे घरात आणि नोकरीत पुष्कळ ठिकाणी बोलायचं ते बोललो नाही. त्याचं सगळं खापर ओवाऱ्यावर फोडत नाही, पण थोडं फोडतो.

रोहू मिळाला त्या रात्री मी मुलाला फोन केला. सगळं सांगितलं, काकांच्या वहाणांपासून नातीच्या गोष्टीपर्यंत. मग म्हटलं, "उकाईला मी तुला गप्प बसवलं ते चूक होतं रे. मासा तुझ्यामुळे जाणारच नव्हता. माझंच काहीतरी चुकत होतं, मी सारखा उठून बघत होतो." तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग हसला आणि म्हणाला, "बाबा, मला आठवतंय ना. मला तहान लागली होती. तेवढंच सांगायचं होतं."

पाण्याची बाटली माझ्याच पिशवीत होती.

तेव्हा मंडळी, सुट्टीत नातवंडं येतील तेव्हा त्यांना नदीवर न्या. पोहता येत नसेल तर हात धरून ठेवा. वहाणा काढा, खाली बसा, सावली पाण्यावर पडू देऊ नका, मोबाईलची बत्ती बंद ठेवा. दांडा हलला तरी उठू नका. लहान मासा मिळाला तर ओल्या हाताने धरा आणि थोडं लांब नेऊन सोडा. पोरांना बोलू द्या, आणि मधून मधून विचारा, पाणी हवंय का.

डक्का ओवाऱ्यावर किंवा रांदेरच्या बाजूला 1960-70 च्या काळात जे कोणी गळ घेऊन बसत, त्यांच्या घरच्यांनी खाली जरूर लिहावं. आणि माझ्यासारखा कोणी 'मासे पळवणारा' ठरवलेला असेल, तर त्यानेही.